अनेक मितींची चित्रे : स्थिर आणि फिरती

परीक्षा संपली की शाळेत निकालपत्रक तयार होते. चाळीस विद्यार्थी आणि सहा विषय धरले तर त्यात २४० आकडे असतात. हे सगळे आकडे शिक्षकांच्या समोर असतात. पण वर्ग एकंदर कसा आहे, कोणते विद्यार्थी एकमेकांसारखे आहेत, कोण सर्वांपेक्षा वेगळा आहे, हे त्या आकड्यांकडे नुसते पाहून कळत नाही. म्हणून आपण चित्र काढायला बसतो आणि पहिल्याच पायरीवर अडतो.

विषय दोनच असते तर काम सोपे होते. आडव्या अक्षावर गणिताचे गुण, उभ्या अक्षावर विज्ञानाचे गुण आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ठिपका. विषय तीन असते तर खोलीचा कोपरा घ्यावा. दोन भिंती आणि जमीन जेथे मिळतात तो आरंभबिंदू, आणि तेथून निघणाऱ्या तीन कडा हे तीन अक्ष. विद्यार्थी म्हणजे खोलीत अधांतरी टांगलेला मणी. पण चौथ्या विषयासाठी चौथी काटकोनी दिशा कोठून आणायची?

गणिताला ही अडचण येत नाही. सहा आकड्यांची क्रमवार मालिका म्हणजे सहा मितींच्या अवकाशातील एक बिंदू, असे मानून गणित पुढे जाते. पायथागोरसचा सिद्धान्तही तेथे चालतो : दोन बिंदूंमधील अंतर काढायचे तर दोन वर्गांऐवजी सहा वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. अडचण आहे ती आपल्या डोळ्यांची आणि कागदाची. कागदाला मिती दोनच. त्यामुळे अनेक मितींच्या माहितीचे कोणतेही चित्र हे त्या माहितीची सावली असते. सावलीत काहीतरी हरवणारच. प्रश्न एवढाच उरतो की एक किंवा अनेक सावल्या कागदावर छापून ठेवाव्यात, की वस्तू हातात घेऊन फिरवत राहावी? या दोन मार्गांची तुलना आपण या लेखात करू.

बेरीज हीसुद्धा सावलीच

एक उदाहरण पाहू. एका विद्यार्थिनीला मराठीत ८५, हिंदीत ८२, इंग्रजीत ७८, गणितात ४१, विज्ञानात ४६ आणि सामाजिक शास्त्रांत ८८ गुण मिळाले. दुसऱ्या विद्यार्थ्याला सहाही विषयांत ७० गुण मिळाले. दोघांची बेरीज ४२० आणि दोघांची टक्केवारी ७०. गुणवत्ता यादीत दोघे शेजारी बसतील.

आता सहा मितींमधील अंतर काढू. फरक अनुक्रमे १५, १२, ८, २९, २४ आणि १८. त्यांच्या वर्गांची बेरीज २,१७४ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ४७. सहा मितींच्या अवकाशात एकमेकांपासून ४७ गुण दूर असलेले हे दोन बिंदू बेरजेत मात्र एकाच जागी येतात. बेरीज घेणे म्हणजे सहाही अक्षांशी सारखाच कोन करणाऱ्या एका रेषेवर सगळ्या बिंदूंची सावली पाडणे. सहा मितींची ही एका मितीतील सावली आपण इतक्या वेळा पाहतो की ती सावली आहे हेच विसरून जातो.

सावली पाडण्याची दिशा विचारपूर्वक निवडता येते. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली, बिंदूंचा समूह कोणत्या दिशेने सर्वाधिक पसरला आहे ते गणिताने शोधण्याची रीत मांडली. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ साली ती पुढे नेली. पसरणीच्या त्या दिशेने पाहिल्यास कमीत कमी हरवते. तरीही जे हरवले त्यात महत्त्वाचे काही नव्हते, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

स्थिर चित्रांचे तीन प्रकार

पहिला प्रकार जोड्यांचा. सहा विषयांतून दोन-दोन निवडले तर १५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा ठिपक्यांचा छोटा आलेख काढून ते सर्व एका चौकटीत ओळीने मांडायचे. वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी आयरिसच्या तीन जातींच्या प्रत्येकी ५० फुलांची मोजमापे जमवली होती. त्यांतील दोन जातींची फुले कॅनडातील गास्पे द्वीपकल्पावरची होती. निदलांची लांबी व रुंदी आणि पाकळ्यांची लांबी व रुंदी अशी ती चार मोजमापे. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली ती वापरली आणि तेव्हापासून सांख्यिकीच्या वर्गात ती परिचयाची झाली. चार मोजमापांचे सहाच आलेख होतात. त्यांत सेटोसा ही जात चटकन वेगळी पडते, कारण तिची पाकळी १.९ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही आणि इतर दोन जातींची ३ सेंटिमीटरपेक्षा आखूड नाही. उरलेल्या दोन जाती मात्र कडेला एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. येथे काही फिरवावे लागत नाही. सहा छोट्या चित्रांत काम होते.

दुसरा प्रकार समांतर अक्षांचा. अक्ष एकमेकांना काटकोनात ठेवण्याचा हट्टच सोडून द्यायचा आणि सहा उभ्या रेषा शेजारी शेजारी आखायच्या. प्रत्येक रेषेवर एका विषयाचे गुण. एका विद्यार्थ्याचे सहा ठिपके जोडले की एक वाकडीतिकडी रेघ मिळते. म्हणजे बिंदूची रेघ झाली. अशा अक्षांवर मोरिस दॉकान्ये या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली पुस्तक लिहिले होते. आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी १९८५ साली अनेक मितींच्या भूमितीसाठी ही कल्पना नव्याने मांडली. दोन शेजारच्या विषयांत गुण एकत्र वाढत-घटत असतील तर त्यांच्यामधील रेघा साधारण समांतर जातात. एकात जास्त तर दुसऱ्यात कमी असे असेल तर त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात.

या पद्धतीची मर्यादा अशी की फक्त शेजारच्या अक्षांचा संबंध नीट दिसतो. मराठी पहिल्या रेषेवर आणि गणित पाचव्या रेषेवर असेल तर त्यांचा संबंध डोळ्यांना लागत नाही. मग अक्षांचा क्रम बदलून किती चित्रे काढावी लागतील? सहा अक्षांचे ७२० क्रम होतात, पण प्रत्येक जोडी एकदा तरी शेजारी यावी एवढीच अट असेल तर तीनच क्रम पुरतात : १-२-६-३-५-४, २-३-१-४-६-५ आणि ३-४-२-५-१-६. पंधराही जोड्या यांत एकेकदाच येतात हे विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावे.

तिसरा प्रकार गमतीचा आहे. हर्मन चेर्नॉफ यांनी १९७३ साली प्रत्येक नमुन्यासाठी एक चेहरा काढण्याची कल्पना मांडली. एका मोजमापाने डोळ्यांचा आकार ठरतो, दुसऱ्याने नाकाची लांबी, तिसऱ्याने ओठांचा बाक. अशी १८ पर्यंत मोजमापे एका चेहऱ्यात बसवता येतात. माणसाची नजर चेहऱ्यांतील बारीक फरक टिपण्यात तरबेज असते, तिचा उपयोग करून घ्यावा हा हेतू. चेर्नॉफ यांनी जीवाश्मांची आणि खनिजांची माहिती अशी चेहऱ्यांत मांडून दाखवली. पण हसरा ओठ लांब नाकापेक्षा आधी नजरेत भरतो. कोणते मोजमाप ओठाला द्यायचे आणि कोणते कानाला, हे चित्र काढणाऱ्याने ठरवलेले असते. ही वाटणी बदलली की एकमेकांसारखे दिसणारे चेहरेही बदलतात.

तीनही प्रकारांत एक गुण समान आहे. चित्र समोर पसरलेले असते. नजर एका भागावरून दुसऱ्या भागावर जाते आणि परत येते. दोन माणसे एकाच ठिपक्यावर बोट ठेवून वाद घालू शकतात. दहा वर्षांनी कोणी मासिकाचा अंक उघडला तर चित्र तेच असते.

चार गोळ्यांचा घन

मग स्थिर चित्रांत कमी काय आहे? हे समजण्यासाठी एक प्रयोग करावा. त्याला बारा सारख्या लांबीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि थोडा शाडू लागेल. काड्या जोडून घनाचा सांगाडा तयार करा. घनाच्या कोपऱ्यांना निर्देशक द्या : (०,०,०) पासून (१,१,१) पर्यंत आठ कोपरे. आता फक्त चार कोपऱ्यांवर शाडूचे गोळे लावा : (०,०,०), (०,१,१), (१,०,१) आणि (१,१,०).

पांढरा पुठ्ठा उन्हात सूर्यकिरणांना काटकोनात धरा आणि घनाची एक बाजू पुठ्ठ्याला समांतर ठेवून सावली पाडा. चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर गोळ्यांच्या सावल्या दिसतील. घन दुसऱ्या बाजूवर वळवा, पुन्हा तेच. तिसऱ्या बाजूवर वळवा, पुन्हा तेच. आता आठही कोपऱ्यांवर गोळे असलेला दुसरा घन घ्या. त्याच्याही तीनही सावल्या अगदी अशाच पडतात, कारण पुढच्या गोळ्याची सावली मागच्या गोळ्याच्या सावलीवर बसते. या तीन सावल्या म्हणजेच आपल्या जोड्यांचे आलेख. ते तीनही आलेख शेजारी मांडले तरी पेटीत चार गोळे आहेत की आठ हे सांगता येत नाही!

आता घन थोडासा तिरपा करा. एका घनाच्या चार सावल्या दिसतील आणि दुसऱ्याच्या आठ. जे तीन नेमक्या चित्रांना कळले नाही ते एका तिरप्या सावलीने दाखवले. काही गोष्टी कोणत्याही दोन मोजमापांत नसतात; त्या तीन किंवा अधिक मोजमापांच्या एकत्र असण्यात असतात. जोड्यांची चित्रे कितीही काळजीने काढली तरी त्या दिसत नाहीत.

हा केवळ शाडूचा खेळ नव्हे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांबरोबर 'रँडू' नावाची एक कृती मिळत असे. यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे आकडे निर्माण करणे हे तिचे काम. नियम सोपा होता : आधीच्या संख्येला ६५,५३९ ने गुणा आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्या. १ पासून सुरुवात केली तर पुढच्या संख्या ६५,५३९, ३,९३,२२५, १७,६९,४९९ अशा येतात. या संख्यांना २ च्या ३१ व्या घाताने भागले की ० आणि १ यांच्यामधील अपूर्णांक मिळतात. लागोपाठच्या दोन-दोन अपूर्णांकांचा आलेख काढला तर ठिपके चौरसात सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात. सर्व ठीक आहे असे वाटते.

पण ६५,५३९ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक ३. या संख्येचा वर्ग करून पाहिला तर कळते की कोणतीही संख्या ही आधीच्या संख्येच्या सहापटीतून त्याआधीच्या संख्येची नऊपट वजा करून मिळते. २ च्या ३१ व्या घाताच्या पटीचा फरक तेवढा पडू शकतो. वरच्या संख्यांवर ताडून पाहा : ६५,५३९ ची सहापट ३,९३,२३४, त्यातून ९ वजा केले की ३,९३,२२५. याचा अर्थ असा की लागोपाठचे तीन अपूर्णांक क्ष, य, झ घेतले तर ९क्ष − ६य + झ ही नेहमी पूर्ण संख्या येते. ती −६ पेक्षा मोठी आणि १० पेक्षा लहान असली पाहिजे, म्हणजे तिच्या शक्यता फक्त १५. घनात सर्वत्र पसरलेले वाटणारे बिंदू प्रत्यक्षात १५ समांतर प्रतलांवर बसलेले आहेत! ठिपक्यांचा हा घन पडद्यावर हळूहळू फिरवला तर बराच वेळ नुसता धुरळा दिसतो आणि एका विशिष्ट कोनात धुरळ्याचे एकदम पंधरा पट्टे होतात. अशा कृतींमधील हा दोष जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली गणिताने सिद्ध केला. रँडूवर विसंबून केलेल्या आकडेमोडींकडे पुढे संशयाने पाहिले जाऊ लागले.

फिरवता येणारी चित्रे

माहिती पडद्यावर फिरवण्याची पहिली मोठी यंत्रणा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील कणत्वरक केंद्रात तयार झाली. जॉन टुकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी ॲन फिशरकेलर हे तिचे जनक. कणांच्या टकरींतून मिळणाऱ्या माहितीत प्रत्येक टकरीची अनेक मोजमापे असत. यंत्रणेचे नाव 'प्रिम-९'. तिची चार कामे होती : ठिपके दाखवणे, फिरवणे, हवा तो गट वेगळा काढणे आणि नको तो भाग झाकणे, आणि हे सर्व नऊ मितींपर्यंत. ती कशी चालते हे सांगण्यासाठी तिच्या निर्मात्यांनी एक चित्रपट तयार केला, कारण छापील कागदावर फिरणे दाखवता येत नव्हते.

ठिपके फिरले की खोली का जाणवते? आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळची झाडे झरझर मागे जातात आणि दूरचा डोंगर जागच्या जागी असल्यासारखा दिसतो. गतीतील या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज करतो. पडद्यावरचे ठिपके वेगवेगळ्या गतीने सरकू लागले की सपाट पडद्याला तिसरी मिती आल्यासारखे वाटते. फिरणे थांबले की ती मिती नाहीशी होते.

पुढे आणखी दोन युक्त्या आल्या. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलंड यांनी १९८७ साली 'कुंचला' पद्धत मांडली. पडद्यावर जोड्यांचे सगळे आलेख असतात. एका आलेखातील काही ठिपक्यांवर कुंचला फिरवला की तेच विद्यार्थी इतर सर्व आलेखांत उजळतात. गणितात मागे असलेले विद्यार्थी भाषेत कोठे आहेत, हे क्षणात दिसते. छापील आलेखांत ठिपके असतात, पण कोणता ठिपका कोणाचा हे धागे तुटलेले असतात. कुंचला ते पुन्हा जोडतो. दुसरी युक्ती डॅनियल असिमोव्ह यांची, १९८५ सालची 'ग्रँड टूर'. येथे फिरवण्याचे काम संगणकच करतो. तो पाहण्याची दिशा हळूहळू बदलत जातो आणि वेळ दिला तर प्रत्येक दिशेच्या हवे तितके जवळ पोचतो.

बूमरँगची कथा

या दोन मार्गांचा संबंध कसा असतो हे एका खऱ्या संशोधनातून चांगले कळते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टर जेराल्ड रीव्हन आणि सांख्यिकीतज्ञ रूपर्ट मिलर यांनी १९७९ साली स्थूल नसलेल्या १४५ प्रौढ व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. प्रत्येकाची पाच मोजमापे होती : सापेक्ष वजन, उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज, ग्लुकोज पाजल्यानंतरच्या तीन तासांतील रक्तातील ग्लुकोज, त्याच काळातील इन्सुलिन, आणि शरीर इन्सुलिनला कितपत दाद देते हे सांगणारे एक मोजमाप. यांतील ७६ व्यक्ती निरोगी, ३३ उघड मधुमेही आणि ३६ मधल्या अवस्थेतील होत्या. या मधल्या अवस्थेला तेव्हा 'रासायनिक मधुमेह' म्हणत. आता ते नाव मागे पडले आहे.

निरोगी अवस्था, मग मधली, मग उघड मधुमेह अशी ही शिडी असेल, तर ठिपके एका रेषेत मांडल्यासारखे दिसायला हवेत. प्रिम-९ वर पाचांपैकी तीन मोजमापे घेऊन ठिपके फिरवले तेव्हा एका कोनातून वेगळाच आकार दिसला. मध्यभागी निरोगी व्यक्तींचा जाडसर पुंजका आणि त्यातून दोन वेगळ्या दिशांना निघालेले दोन हात. एक हात मधल्या अवस्थेचा, दुसरा उघड मधुमेहाचा. एकूण आकार बूमरँगसारखा. मधल्या अवस्थेत इन्सुलिन भरपूर होते, उघड मधुमेहात ते कमी होते. 'साखर जास्त' या एका मापाने जे एकाच ओळीत बसले असते ते येथे दोन दिशांना फाकले.

हा आकार शोधनिबंधात छापायचा कसा? पडदा छापता येत नव्हता. म्हणून पडद्यावर जे दिसले त्याचे चित्र चित्रकाराकडून काढून घेतले आणि ते छापले. आकार सापडला तो फिरवता फिरवता. जगाला दिसला तो स्थिर चित्रातून.

या कथेचा आणखी एक धडा आहे. मधल्या अवस्थेतून उघड मधुमेहाकडे जाणारा मार्ग निरोगी पुंजक्यातूनच जात असावा, असे त्या चित्रावरून वाटू शकते. पण १४५ जणांची तपासणी एकेकदाच झाली होती. चित्र त्या घटकेचे होते. कोणाचाही प्रवास त्यात नव्हता. त्याच त्या व्यक्तींची वर्षानुवर्षे तपासणी करणाऱ्या अभ्यासांतून दिसले की मधल्या अवस्थेतील अनेकांना पुढे मधुमेह होतो. आधी इन्सुलिन वाढते आणि पुढे स्वादुपिंडाची शक्ती कमी पडू लागली की ते घटते. बूमरँग खरे होते, पण त्याच्या आकारावरून रस्ता ठरवणे योग्य नव्हते. मोजमापांत जे नाही ते कोणतेही चित्र देऊ शकत नाही. मग ते स्थिर असो की फिरते.

फिरत्या चित्रांच्या मर्यादा

फिरत्या चित्रात एका क्षणी एकच सावली दिसते. मघाशी पाहिलेली आणि आता दिसत असलेली सावली यांची तुलना आठवणीच्या आधाराने करावी लागते, आणि अशा बाबतीत आठवण फार कच्ची असते. दोन चित्रे शेजारी ठेवली तर नजर त्यांची तुलना सहज करते.

दुसरी अडचण मितींच्या संख्येची. नऊ मितींत दोन-दोन अक्षांच्या ३६ जोड्या होतात, वीस मितींत १९०; तिरप्या दिशा तर अगणित. पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८४ साली दाखवले की मिती बऱ्याच असतील तर सर्वसाधारण परिस्थितीत बहुतेक सावल्या सारख्याच दिसतात : मध्ये दाट आणि कडेला विरळ असा बिनआकाराचा पुंजका. म्हणजे नुसते फिरवत राहणे हे अंधारात चाचपडणे ठरते. म्हणूनच फ्रीडमन आणि टुकी यांनी १९७४ सालीच, 'लक्षवेधी' सावल्या संगणकाकडून शोधून घेण्याची रीत सुचवली होती.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. शेकडो कोनांतून पाहिले तर एखाद्या कोनातून काहीतरी दिसणारच. ढगांकडे बराच वेळ पाहिले की हत्ती, उंट दिसू लागतात तसेच हे. ज्याने हवा तो आकार दिसेपर्यंत चित्र फिरवले, त्याने पुरावा शोधला की आपली इच्छा? छापलेल्या एका चित्रावरून हे वाचकाला कळत नाही.

यावर एक सुंदर उपाय आहे : ओळखपरेड. पोलीस जसे संशयिताला इतर माणसांत उभे करतात, तसे खऱ्या माहितीचे चित्र १९ खोट्या चित्रांत मिसळायचे. खोटी चित्रे त्याच आकड्यांची, पण एक स्तंभ चिठ्ठ्या टाकून उलटसुलट केलेला. मग ज्याने ही माहिती पूर्वी पाहिलेली नाही त्याला विचारायचे, 'यांतले वेगळे कोणते?' नुसत्या नशिबाने खरे चित्र ओळखण्याची शक्यता वीसांत एक. ओळखले तर आकार खरा असण्याला बळ मिळते. फिरवून सापडलेला आकार या परीक्षेला बसवायचा तर खोट्या माहितीतही तितकाच शोध घेऊन तिचे उत्तमातले उत्तम चित्र निवडावे लागते. नाहीतर परेड न्याय्य होत नाही. आणि ही परीक्षा स्थिर चित्रांची असते, हे लक्षात घ्यावे.

आजकाल आणखी एक प्रकार फार दिसतो. लॉरेन्स व्हान डर माटेन आणि जेफ्री हिंटन यांनी २००८ साली मांडलेली 'टी-एसएनई' ही रीत शेकडो मितींतील बिंदू कागदावर अशा तऱ्हेने मांडते की शेजारी शक्यतो शेजारीच राहतील. ठिपक्यांची छान बेटे दिसतात. पण दोन बेटांमधील अंतर आणि बेटांचे आकारमान यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि संगणकाला दिलेल्या सूचना बदलल्या की नकाशाही बदलतो. असा एकच नकाशा पाहून समाधान मानणे म्हणजे घनाची एकच सावली पाहून गोळे मोजण्यासारखे आहे.

मग निवड कशी करावी?

आमच्या मते 'कोणते चित्र चांगले' हा प्रश्न अपुरा आहे. चित्राकडून कोणते काम हवे, हे आधी ठरवावे. काय आहे हे माहीत नसेल आणि शोधायचे असेल, तर फिरवता येणारे चित्र हवे. जोड्यांच्या पलीकडचे त्याशिवाय दिसत नाही. जे सापडले ते खरे की भास हे तपासायचे असेल, तर अनेक स्थिर चित्रे शेजारी हवीत. आणि सापडलेले दुसऱ्याला सांगायचे असेल, तर निवडलेले एक स्थिर चित्र हवे, म्हणजे वाचक त्यावर बोट ठेवून 'हे कशावरून?' असे विचारू शकेल. सोबत किती कोनांतून पाहून ते निवडले हेही सांगावे.

हे सर्व वर्गात करून पाहता येते. सहा विषयांचे गुण नावे काढून टाकून फळ्यावर लिहा. काही गट जोड्यांचे आलेख काढतील, काही गट समांतर अक्षांवर रेघा ओढतील. तीन विषय निवडून पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्याने मणी टांगता येतील आणि ते खोके वेगवेगळ्या बाजूंनी पाहता येईल. हे बिनसंगणकाचे प्रिम-९. संगणक असेल तर तक्त्यांच्या साध्या प्रणालीवर ओळखपरेडची वीस चित्रे तासाभरात होतात. ती भिंतीवर लावून शेजारच्या वर्गातील शिक्षकांना ओळखायला बोलवावे. आलेख नसलेले विद्यार्थीही यात उत्साहाने भाग घेतील, कारण येथे उत्तर कोणालाच आधी माहीत नसते.

आणि निकालपत्रकाच्या शेवटच्या स्तंभातील टक्केवारी वाचताना त्या दोन विद्यार्थ्यांची आठवण ठेवावी. ७० टक्के ही दोघांचीही खरी सावली आहे. पण एकीला गणितात मदत हवी आहे आणि दुसऱ्याला नाही, हे कळण्यासाठी पत्रक थोडे तिरपे धरूनच पाहावे लागते.